प्रोब अर्ध्यावर फसला तर : ड्रायव्हरमधली आवराआवर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लिनक्स कर्नलसाठीचा प्लॅटफॉर्म ड्रायव्हर आहे, म्हणजे बोर्डावरचं हार्डवेअर चालवणारा कोड. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, मेमरी, रेग्युलेटर (वीजपुरवठा), क्लॉक, रजिस्टरांचं मॅपिंग, इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आणि शेवटी मिस्क डिव्हाइस (युजरस्पेसला उघडता येणारी फाइल) अशा सहा गोष्टी घेतल्या जातात. मध्येच काही फसलं तर घेतलेलं सोडायचं काम आधी सगळं गोटूने, म्हणजे खालच्या लेबलावर थेट उडी मारून, लिहिलं होतं. रिव्ह्यूमध्ये ‘डेव्हएम वापरा’ (म्हणजे घेतलेलं सामान कर्नलच आपोआप सोडेल अशी फंक्शनं) असा शेरा आला, म्हणून जिथे डेव्हएमवालं फंक्शन सापडलं तिथे तिथे बदललं. आता सिसएफएसमधून (कर्नलच्या /sys फाइलींतून) अनबाइंड केलं, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवला, की दहातून एकदा बोर्ड ऊप्स (कर्नल कोसळल्याचा संदेश) देऊन बसतो. तर गोटू खरंच वाईट का, आणि डेव्हएम असताना रिमूव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, लिहायचं तरी काय?

आधी उत्तर, पुराण नंतर. तुझा इंटरप्ट डेव्हएमवर आहे आणि क्लॉक तू हाताने बंद करतोयस. रिमूव्हमध्ये क्लॉक बंद होतो, बफर केफ्री होतो (त्याची मेमरी परत जाते), फंक्शन परततं. ड्रायव्हर कोअर (ड्रायव्हर जोडणारा-सोडणारा कर्नलचा भाग) डेव्हएमची यादी उलगडायला घेतं ते त्यानंतर. म्हणजे क्लॉक बंद झाल्यापासून इंटरप्ट सुटेपर्यंत एक फट राहते. त्या फटीत हार्डवेअरने इंटरप्ट मारला की तुझा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं स्टेटस रजिस्टर वाचायला जातो. आर्म प्रोसेसरवर त्याचा परिणाम बहुतेकदा एक्स्टर्नल अबॉर्ट (बसकडून आलेला फॉल्ट), नाहीतर बस तिथेच लटकते. आणि समज वाचन निभावलं, तर पुढच्याच ओळीला हँडलर मोकळ्या केलेल्या बफरात लिहितो. ते जास्त वाईट, कारण बोंब तिथे न होता अर्ध्या तासाने भलत्याच ड्रायव्हरमध्ये होते आणि शिव्या त्याला पडतात.

रिव्ह्यूअर चुकला नव्हता, तूही पूर्ण चुकला नाहीस. तू अर्धं बदललंस, एवढंच.

आता गोटूचं. गोटूला नावं ठेवायची सवय आपल्याला कॉलेजात लागते. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात मात्र फंक्शनमधून बाहेर पडायची एकच जागा ठेवायला गोटू वापरा, असं सरळ लिहिलंय. माझा सगळ्यात महागडा बग गोटू वापरल्यामुळे नाही, एका ठिकाणी तो न लिहिल्यामुळे झाला होता.

काही वर्षांपूर्वी आम्ही सोसायट्यांच्या तळघरातल्या पंपांसाठी छोटा कंट्रोलर बोर्ड बनवत होतो. पाणी किती चढलंय ते आयटूसी बसवरच्या (दोन तारांच्या जोडणीवरच्या) सेन्सरकडून वाचायचं आणि पंप सुरू करायचा, एवढंच काम. कुर्ल्याच्या एका सोसायटीत तो बसवला. जुलैतल्या एका रात्री भरती आणि पाऊस एकदमच आले आणि वॉचमनकाकांचा फोन आला, ‘साहेब, लाल दिवा लागलाय, पंप फिरत नाय.’ मी अर्धवट झोपेत म्हटलं, मेन स्विच बंद करून परत चालू करा. केला, पंप फिरला. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा पॅनेलच्या दारावर काकांनी खडूने लिहून ठेवलं होतं : पाऊस आला की आधी बंद-चालू करणे. आपल्या कामावर यापेक्षा कडक रिव्ह्यू मला आजवर मिळालेला नाही.

लॉग काढला. पहिली नोंद -१२१, म्हणजे सेन्सरने बसवर उत्तर दिलं नाही. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी -१६, म्हणजे ‘बिझी’. आणि प्रत्येक -१६च्या वर जेनआयआरक्यूची (कर्नलच्या इंटरप्ट सांभाळणाऱ्या भागाची) एक ओळ : फ्लॅग्ज मिसमॅच, आयआरक्यू ४७, म्हणजे ४७ नंबरच्या इंटरप्टवरून भांडण. या ओळीत कर्नल दोन्ही पक्षांची नावं छापतं. कोण मागतंय आणि कोणाकडे आधीच आहे. दोन्हीकडे फ्लॅग २००२ आणि दोन्हीकडे आमच्याच ड्रायव्हरचं नाव. म्हणजे आमचा ड्रायव्हर आमच्याच ड्रायव्हरशी भांडत होता.

घडलं होतं असं. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजला होता, ओल आली की क्षणभर संपर्क तुटायचा. वाचन फसलं की ड्रायव्हर अनबाइंड करून पुन्हा बाइंड करणारी एक स्क्रिप्ट आम्हीच ठेवली होती. नव्या प्रोबने रेग्युलेटर चालू केला, इंटरप्ट घेतला, मग चिप आयडी वाचायला गेला आणि तिथे -१२१ आल्यावर सरळ रिटर्न केलं. वरच्या पायऱ्यांवर गोटू व्यवस्थित होते. चिप आयडीची तपासणी सहा महिन्यांनी कोणीतरी मध्येच घुसवली होती, आणि त्या कोणीतरीचं नाव गिट ब्लेमने (कुठली ओळ कोणी लिहिली ते सांगणाऱ्या कमांडने) मला माझंच दाखवलं. इंटरप्ट कोणीच सोडला नाही, त्यामुळे पुढचा प्रत्येक प्रोब तिथेच आपटायचा. सेन्सर बहुधा दोन सेकंदांत शुद्धीवर आला असेल. आतून कडी आम्हीच लावून घेतली होती.

त्यावर एका सहकाऱ्याने ‘सोपा’ उपाय केला. अनबाइंड-बाइंडऐवजी मॉड्यूलच काढून परत घालायचं. आता -१६ तर राहिलाच, वर मॉड्यूलबरोबर हँडलरचा कोडही मेमरीतून गेला. न सोडलेला इंटरप्ट वाजला की कर्नल जिथे काहीच नाही तिथे उडी मारायचं. आधी पंप नुसता फिरत नव्हता, आता बोर्डच कोसळायला लागला.

दुरुस्तीचा आकार असा. मेमरी डेव्हएमवर आहे असं धर. देवनागरीत कोड लिहिलाय म्हणून हसू नकोस, उतरंड बघ :

रेट = रेग्युलेटर_एनेबल(…);
इफ (रेट) रिटर्न रेट;
रेट = रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू(…);
इफ (रेट) गोटू वीज_बंद;
रेट = चिप_आयडी_तपास(…);
इफ (रेट) गोटू आयआरक्यू_सोड;
रिटर्न ०;
आयआरक्यू_सोड: फ्री_आयआरक्यू(…);
वीज_बंद: रेग्युलेटर_डिसेबल(…);
रिटर्न रेट;

लेबलाचं नाव तिथे काय आवरलं जातं त्यावरून ठेव. एरर१, एरर२ अशी नावं ठेवलीस की मध्ये एक पायरी वाढली म्हणजे सगळे आकडे सरकवावे लागतात, आणि सरकवणारा एखादा विसरतो. सगळ्यांसाठी एकच ‘एरर’ लेबल ठेवून खाली ‘असेल तर सोड’ करणंही टाळ. तिथे मूळ पॉइंटरच नल असताना त्याच्या आतलं काहीतरी केफ्री करायला जाणं हा इतका जुना बग आहे की कोडिंग स्टाइलमध्ये त्याला स्वतंत्र नाव आहे, ‘वन एर बग’.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गोटू लिहिला पण रेटमध्ये (परत द्यायच्या एररच्या आकड्यात) काही भरलंच नाही. आधीच्या यशस्वी कॉलचा शून्य त्यात पडलेला असतो. सगळं आवरून झाल्यावर तू कोअरला सांगतोस ‘झालं काम’. कोअर विश्वास ठेवतं, डिव्हाइस बांधलेला मानतं, आणि कधीतरी रिमूव्ह येऊन तेच सामान दुसऱ्यांदा मोडतो. स्मॅच हे कोड तपासणारं टूल नेमकं हेच पकडतं. फुकट आहे, चालव.

या उतरंडीमागे एक गृहीत आहे. जी पायरी फसली तिने स्वतःपुरतं काही धरून ठेवलेलं नसतं, म्हणून उडी तिच्या आधीच्या पायरीच्या लेबलावर. कर्नलमधली बहुतेक फंक्शनं हे पाळतात. जी पाळत नाहीत ती पाठच करावी लागतात. त्यातली दोन फार गिऱ्हाईक करतात.

एक, पीएम_रनटाइम_गेट_सिंक, म्हणजे वीज वाचवायला झोपवलेल्या ब्लॉकला जागं करणारं. हे फसलं तरी वापराचा काउंट वाढवूनच परत येतं. तू एरर बघून बाहेर पडलास की काउंट एकने चढलेला राहतो आणि तो ब्लॉक पुन्हा कधी झोपत नाही. बॅटरीवरच्या उपकरणात हा बग ‘बॅटरी लवकर संपते’ या तक्रारीच्या रूपाने येतो, आणि लोक हार्डवेअरवाल्याला धरतात. त्याऐवजी पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट वापर. ते फसल्यास काउंट स्वतःच खाली आणतं.

दोन, डिव्हाइस_रजिस्टर, म्हणजे नवीन डिव्हाइस कर्नलकडे नोंदवणारं. हे फसल्यावर आपल्या स्ट्रक्चरवर थेट केफ्री करायचं नाही, पुट_डिव्हाइसच (आपला संदर्भ सोडणारं फंक्शन) करायचं. कारण कॉल केल्या क्षणापासून त्या वस्तूचे संदर्भ मोजले जायला लागतात आणि तिची मालकी रिलीज कॉलबॅककडे गेलेली असते, निकाल काही का लागेना. फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये हे ठसठशीत लिहिलंय. कॉमेंट कोणी वाचत नाही.

एरर ओळखण्याकडेही जरा बघ, कारण तुझ्या पॅचमध्ये तिथेही एक भोक आहे. कर्नलमध्ये फंक्शन फसलं हे सांगायच्या तीन बोली आहेत. पहिली, उणे आकडा : -१२ मेमरी नाही, -२२ चुकीचं आर्ग्युमेंट, -१९ डिव्हाइस नाही. दुसरी, नल पॉइंटर. तिसरी, पॉइंटरच्याच पोटात घातलेला एरर. ॲड्रेसच्या मोजपट्टीच्या अगदी वरच्या टोकाची ४०९५ मूल्यं खऱ्या पॉइंटरसाठी कधी वापरली जात नाहीत, म्हणून -१ ते -४०९५ तिथे बसवलेत. इझ_एर विचारतं आणि पीटीआर_एर आकडा काढून देतं. गंमत म्हणजे शेजारी-शेजारी राहणारी फंक्शनं वेगळ्या बोली बोलतात. डेव्हएम_आयओरीमॅप नल देतं, डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स एरर पॉइंटर देतं. तू पहिल्याचं दुसरं केलंस आणि तपासणी ‘नल आहे का’ हीच ठेवलीस. आता मॅपिंग फसलं तर ती तपासणी आरामात पार होईल आणि पहिल्याच रजिस्टर वाचनाला कर्नल कोसळेल. ‘दोन्ही तपासून टाकतो’ म्हणून इझ_एर_ऑर_नल सगळीकडे लावायचा मोह होतो, तोही आवर. ऑप्शनल क्लॉक मागितला आणि बोर्डवर तो नसला तर नल हेच बरोबर उत्तर असतं, आणि नल क्लॉकवर चालू-बंद केलेलं चालतं. तिथे नलला एरर म्हटलंस तर क्लॉक नसलेल्या बोर्डावर ड्रायव्हर चालणारच नाही. वर पीटीआर_एर नलवर लावलं की शून्य मिळतो, म्हणजे पुन्हा तेच खोटं यश.

आलेला एरर आहे तसा वर दे. रेग्युलेटर मिळाला नाही की -१९ ठोकून द्यायची सवय बऱ्याच जुन्या ड्रायव्हरांत दिसते. पण आतून आलेला आकडा -५१७ असू शकतो. त्याचा अर्थ ‘ज्याच्याकडून घ्यायचंय तो ड्रायव्हर अजून उठलेला नाही, थोड्या वेळाने परत बोलाव’. हा आकडा दाबलास तर कोअर परत बोलावत नाही, आणि मग ड्रायव्हर चालतो की नाही हे बूटच्या वेळी कोण आधी उठलं यावर ठरतं. तुझ्या टेबलावर चालतो, गिऱ्हाइकाकडे नाही. हा -५१७ २०१२ पासून, कर्नल ३.४ पासून आहे आणि त्याने एरर पाथचं सगळं गणितच बदललं. पूर्वी तो पाथ क्वचित चालायचा. आता एका बूटमध्ये तुझा प्रोब तीन-चार वेळा अर्ध्यावरून परत फिरू शकतो, सगळं ठाकठीक असताना. जे गळतं ते तितक्या वेळा गळतं. लॉगसाठी डेव्ह_एर_प्रोब वापर. -५१७ असेल तर ते एररची बोंब मारत नाही, कारण मात्र डीबगएफएसमध्ये (डीबगिंगसाठीच्या कर्नलच्या फाइलींत) लिहून ठेवतं.

आता डेव्हएम. हे तेजुन हिओ यांनी केलं आणि २००७ मध्ये कर्नल २.६.२१ बरोबर आत आलं. लिबएटीएचे (डिस्क कंट्रोलरांचे) ड्रायव्हर आयओमॅप या रजिस्टर-मॅपिंगच्या पद्धतीवर नेताना प्रत्येक ड्रायव्हरात तीच आवराआवर, तीही अर्धवट, लिहावी लागत होती. त्यातून ही कल्पना निघाली. डिव्हाइसला एक यादी लटकवायची, घेतलेली प्रत्येक गोष्ट तिच्यात टाकायची, आणि प्रोब फसला किंवा रिमूव्ह परतला की यादी उलट्या क्रमाने मोकळी करायची. यात दोन गोष्टी कायम लक्षात ठेव : क्रम उलटा आहे, आणि वेळ रिमूव्ह संपल्यानंतरची आहे.

यावरून नियम आपोआप निघतो. प्रोबच्या सुरुवातीपासून जितकं सलग डेव्हएमवर नेता येतं तितकं ने. पहिली हाताने सोडायची गोष्ट आली की तिथून पुढे एकही डेव्हएम नाही. मध्ये हाताचं आणि त्याच्या खाली डेव्हएम, असं सँडविच झालं की आवरताना क्रम बिघडलाच. तुझं तेच झालंय. क्लॉक हाताचा, त्याच्या खाली इंटरप्ट डेव्हएमचा.

तुझ्यापुरता उपाय सोपा आहे. क्लॉकसाठी डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड घे. ते ६.० पासून आहे आणि घेणं, चालू करणं, शेवटी बंद करणं तिन्ही करतं. रेग्युलेटर बंद करायला तुझं स्वतःचं चार ओळींचं फंक्शन लिहून ते डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेटने यादीत टाक. त्यातलं ‘ऑर_रीसेट’ महत्त्वाचं आहे. यादीत नाव घालायलाच मेमरी मिळाली नाही तर ते तुझं फंक्शन तिथल्या तिथे चालवून एरर देतं, त्यामुळे रेग्युलेटर चालूच राहिला असं होत नाही. बफरही डेव्हएमवर, आणि इंटरप्टच्या आधी घेतलेला. मग सुटण्याचा क्रम होतो इंटरप्ट, मॅपिंग, क्लॉक, रेग्युलेटर, मेमरी. आणि इंटरप्ट सोडताना कर्नल चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं, त्यामुळे त्याच्यानंतर बेधडक क्लॉक काढता येतो.

हँडलर वर्क (नंतर करायला रांगेत लावलेलं काम) टाकत असेल तर मात्र सावध. रिमूव्हमध्ये वर्क रद्द केलंस आणि इंटरप्ट अजून जिवंत आहे, तर तो लगेच नवीन वर्क टाकेल. आधी इंटरप्ट, मग वर्क. डेव्हएममध्ये तोच क्रम हवा तर वर्क रद्द करणारी ॲक्शन इंटरप्ट घेण्याआधी यादीत टाकायची. उलट्या क्रमाची सवय व्हायला वेळ लागतो. मी अजूनही कागदावर दोन रकाने काढतो, डावीकडे घेणं, उजवीकडे खालून वर सोडणं.

शेअर्ड इंटरप्ट असेल तर आणखी एक. रेषेवरचा दुसरा कोणीही वाजला तरी तुझा हँडलर बोलावला जातो, त्यामुळे ‘माझं हार्डवेअर मी शांत केलंय’ हा युक्तिवाद चालत नाही. कॉन्फिगमध्ये डीबग_एसएचआयआरक्यू चालू केलंस तर शेअर्ड हँडलर सोडताना कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट मारून बघतं. आपला गैरसमज टेबलावरच उघडा पडलेला बरा.

रिमूव्हमध्ये काय लिहायचं, याला आमच्या लॅबमध्ये एक दाखला ठरलेला आहे. दादरला रानडे रोडवरचं कापडाचं दुकान रात्री बंद होताना कधी बघितलंयस? आधी शटर अर्ध्यावर येतं, म्हणजे नवीन गिऱ्हाईक आत येणार नाही. आत आहेत त्यांची बिलं होतात. मग ठाणं घड्या घालून कपाटात, मग गल्ला, आणि दिवे सगळ्यात शेवटी. नवा ड्रायव्हर लिहिणारा नेमका दिवे आधी घालवतो. रिमूव्हचं पहिलं काम शटर ओढणं : मिस्क_डीरजिस्टर, म्हणजे नवीन ओपन बंद. त्याच न्यायाने प्रोबमध्ये मिस्क_रजिस्टर अगदी शेवटी, कारण त्या ओळीच्या पुढच्या क्षणी युजरस्पेसमधून कोणीतरी ओपन करून रीड मारू शकतं, तुझा प्रोब संपलाय की नाही हे तो बघत बसत नाही. बाकी सगळं डेव्हएमवर गेलं की तुझ्या रिमूव्हमध्ये ती एकच ओळ उरते.

आणि रिमूव्ह फसू शकत नाही. पूर्वी त्याला इंट परत द्यायची सोय होती, त्यामुळे लोकांना वाटायचं की एरर दिला तर डिव्हाइस जागेवर राहील. तसं कधीच नव्हतं. कोअर तो आकडा बाजूला टाकून पुढे जायचं. मग रिमूव्हमध्ये ‘पॉवर चालू झाली नाही, म्हणून रिटर्न’ असं लिहिणाऱ्यांचं खालचं सगळं आवरायचं राहून जायचं. ६.११ पासून प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचा रिमूव्ह व्हॉइडच आहे. बरं झालं.

पण शटर ओढल्यावर आत असलेल्या गिऱ्हाइकाचं काय? तुझ्या प्रश्नात हे नव्हतं, पण पुढचा ऊप्स इथूनच येणार. मिस्क_डीरजिस्टर आधीच उघडलेल्या फाइलींसाठी थांबत नाही. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसलाय, तू अनबाइंड केलंस, डेव्हएमने तुझं स्ट्रक्चर सोडलं. आता त्या प्रोग्रॅमने रीड केलं की फाइलच्या प्रायव्हेट डेटामधला पॉइंटर मेलेल्या मेमरीकडे बोट दाखवतो. ‘पण फॉप्समध्ये (फाइलच्या फंक्शनांच्या यादीत) ओनर दिलाय ना?’ दिलास, त्याने मॉड्यूल काढता येत नाही इतकंच. अनबाइंड होतो, आणि यूएसबीचं उपकरण असेल तर कोणी हिसकून काढलं तर कोणाला विचारतो?

म्हणून नियम असा की ज्या स्ट्रक्चरला उघडी फाइल धरून असते ते डेव्हएमवर ठेवायचं नाही. डेव्हएमचं आयुष्य डिव्हाइस-ड्रायव्हरची जोडी असेपर्यंतचं; फाइलचं आयुष्य युजरच्या मर्जीपर्यंतचं. स्ट्रक्चर केझेडॲलॉकने (साध्या मेमरी वाटपाने) घे आणि आत केरेफ (संदर्भ मोजणारा काउंटर) ठेव : एक संदर्भ प्रोबचा, एक प्रत्येक ओपनचा. प्रोबचा संदर्भ सोडणारी ॲक्शन वाटप झाल्या झाल्या यादीत टाक, म्हणजे ती सगळ्यात शेवटी चालेल. रिमूव्हमध्ये मिस्क_डीरजिस्टर झाल्यावर म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) घेऊन ‘गेला’ असा फ्लॅग लाव आणि वाट बघत झोपलेल्या रीडरना उठव. रीड आणि आयओसीटीएल तोच म्युटेक्स घेऊन आधी फ्लॅग बघतील आणि -१९ देतील. शेवटचा क्लोज शेवटचा संदर्भ सोडेल, केफ्री तेव्हा. सुमारे तीस ओळी वाढतात. त्या लिहायच्या नसतील तर मिस्क सोड आणि आयआयओ (सेन्सरांसाठीची) किंवा इनपुटसारख्या सबसिस्टिममध्ये बस; हे दुखणं त्यांनी आपल्या कोअरमध्ये कधीच सोडवलंय. पाणी मोजणाऱ्या सेन्सरसाठी स्वतःचं मिस्क डिव्हाइस काढणं हा तसाही हट्टच होता, आमचाही.

तू खाली सहज विचारलंस की नवीन क्लीनअप मॅक्रो वापरू का. ६.५ मध्ये, म्हणजे २०२३ साली ते आले. व्हेरिएबल स्कोपबाहेर गेलं की कंपायलरच सोडून देतो. गार्ड(म्युटेक्स) मला मनापासून आवडतं. लॉक घेऊन मधूनच रिटर्न करणाऱ्या फंक्शनांतले कितीतरी बग त्याने नाहीसे होतात. अंडरस्कोर-फ्री प्रकार एका फंक्शनपुरत्या तात्पुरत्या बफरला ठीक. प्रोबमध्ये घेतलेली मेमरी प्रोब संपल्यावरही जगायला हवी असते, तिथे तो कामाचा नाही. आणि एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि क्लीनअप मिसळायचे नाहीत, तसं त्या हेडरमध्येच बजावलंय. नेटवर्किंगची मंडळी तर या सगळ्याकडे, डेव्हएमसकट, जरा संशयानेच बघतात. त्यांच्या झाडात (त्यांनी सांभाळलेल्या कोडमध्ये) पॅच पाठवणार असशील तर त्यांची कागदपत्रं आधी वाच.

शेवटचं म्हणजे टेस्टिंग. केझेडॲलॉकचा एरर पाथ तुझ्या टेबलावर आपोआप कधीच चालणार नाही. छोटं जीएफपी_कर्नल वाटप प्रत्यक्षात जवळजवळ फसतच नाही. म्हणून मुद्दाम फसवावं लागतं. फॉल्ट इंजेक्शन आणि फेलस्लॅब (मेमरी वाटप मुद्दाम फसवणारे पर्याय) चालू करून कर्नल बांध, प्रॉकमधल्या आपल्या टास्कच्या फेल-एनथ या फाइलीत १ लिही आणि त्याच टास्कमधून बाइंड कर. पहिलं वाटप फसेल. मग २, मग ३. दर वेळी ती फाइल परत वाचायची. शून्य आला म्हणजे फसवणूक झाली, शून्याहून मोठा आकडा आला म्हणजे तुझ्या प्रोबमधली वाटपं संपली, थांब. वीस ओळींचा प्रोग्रॅम आहे. सोबत कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) आणि केमेमलीक (मेमरीची गळती पकडणारं) चालू ठेव. डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह हा पर्याय लावलास तर बूटच्या वेळी प्रत्येक ड्रायव्हर प्रोब, रिमूव्ह, परत प्रोब असा फिरवला जातो. पहिल्यांदा लावशील तेव्हा दुसऱ्यांचेच ड्रायव्हर आधी कोसळतील, घाबरू नकोस. आणि हार्डवेअरच्या एररसाठी आमच्याकडे अजूनही जुनीच पद्धत आहे : एकजण अनबाइंड-बाइंड लूपमध्ये चालवतो आणि दुसरा सेन्सरची वायर काढत-घालत बसतो. कुर्ल्याचा बग अशाने चार मिनिटांत पुन्हा दिसला.

दुसरी आवृत्ती पाठवताना तीन पॅच कर. आधी क्लॉक-इंटरप्टच्या क्रमाची दुरुस्ती, फिक्सेस टॅगसकट (कोणता जुना पॅच चुकला ते सांगणारी ओळ), म्हणजे ती स्टेबलमध्ये, आधी निघालेल्या कर्नलांच्या दुरुस्त्यांत, जाऊ शकेल. मग मॅपिंगची तपासणी. केरेफ सगळ्यात शेवटी, वेगळा. आणि प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यूचं उत्तर तू यू३२मध्ये (उणे आकडा न मावणाऱ्या प्रकारात) घेतलंयस आणि खाली ‘शून्याहून कमी’ तपासतोयस. अनसाइन्ड आहे, ते कधीच खरं होणार नाही. त्या बिचाऱ्या -५१७चा चारशे एकोणतीस कोटींच्या घरातला आयआरक्यू नंबर होईल. इंट कर. या वेळी रिव्ह्यूअरच्या नजरेतून सुटलंय.